यीस्टचं माहेर

बोरथळच्या जमदाडे वायनरीतली तीन नंबरची टाकी मंगळवारी दुपारी बंद पडली. म्हणजे टाकी जागेवरच होती. स्टीलची, चकचकीत, सहा हजार लिटरची. आत शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षांचा रसही होता. फक्त त्या रसाची वाइन व्हायचं काम निम्म्यावर येऊन थांबलं होतं.

सुहास जमदाडेंनी टाकीला कान लावला. तब्येतीत असलेली टाकी पहिल्या आठवड्यात रटरटणाऱ्या भातासारखी बोलते. ही गप्प होती. जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी कचेरी असते, तितकी गप्प.

"अडकली?" दारातून त्यांच्या बायकोनं, शर्मिलानं विचारलं.

"विचार करतेय," सुहास म्हणाले.

"गेल्या वर्षीची पण विचारच करत होती. तिचा शेवटी व्हिनेगर झाला. विचारी माणसाचं असंच होतं."

हे सलग पाचवं वर्ष. सुहास बावन्न वर्षांचे होते, आणि पाच वर्षांत त्यांनी या अपयशाबद्दल ऊन, रोपवाटिका, पाटबंधारे खातं आणि हवामान बदल यांना आळीपाळीनं जबाबदार धरलं होतं. यंदा त्यातलं कुणीच उरलं नव्हतं. टेबलाच्या खणात एका मोठ्या कंपनीचा करार पडला होता: बाग तुमची, द्राक्षं आमची, बाटलीवर नाव आमचं. महिनाअखेरपर्यंत सही हवी होती. तीन नंबरची टाकी सुधारली तर करार फाडायचा, नाही सुधारली तर सही करायची, असं सुहासनी मनाशी ठरवलं होतं. वडिलांनी, म्हणजे बापूंनी, तासगाव तालुक्याच्या उन्हात पंचवीस वर्षं खपून लेबलावर आणलेलं 'जमदाडे' हे नाव आता एका गप्प टाकीवर अवलंबून होतं.

अडचण समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. वाइन माणूस करत नाही, यीस्ट करतं. माणूस नुसता फोटोत उभा राहतो. यीस्ट हा डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. तो रसातली साखर खातो आणि अल्कोहोल सोडतो. थंड मुलखात हे निवांत चालतं. पण ऊन जितकं जास्त, तितकी द्राक्षात साखर जास्त. साखर जास्त, तितकं अल्कोहोल जास्त. आणि शेवटी बिचाऱ्या यीस्टला स्वतःच केलेल्या दारूत उभं राहून उरलेली साखर संपवावी लागते. त्यात फेब्रुवारीतच बाहेर एक्केचाळीस अंश. टाकीला गार पाण्याचं जॅकेट असूनही आत अडतीस. अशा परिस्थितीत कुठलाही कामगार हत्यार खाली ठेवतो. यीस्टनंही ठेवलं होतं. निम्म्या तालुक्यानं तर द्राक्षं उपटून खजूर लावला होता.

बाजारातलं पाकिटातलं यीस्ट सुहासनी दोन वर्षं वापरून पाहिलं. एकदा ते मेलं, आणि एकदा जगलं तेव्हा वाइन अशी निघाली की ती शेजाऱ्याची आहे की आपली, हे बूच बघून ठरवावं लागलं. शिवाय जमदाडेंच्या लेबलावर बापूंच्या काळापासून एक ओळ होती: 'आमच्याच मातीतलं, आमच्याच हवेतलं रानयीस्ट.' बापूंच्या काळात टाकी एकदाही अडकली नव्हती. माती तीच होती, आणि हवा थोडी तापली असली तरी मूळची तीच. मग बिनसलं कुठे?

बुधवारी पुण्याहून त्यांची मुलगी ईरा आली. ती तिथे सूक्ष्मजीवांवर संशोधन करत होती, आणि तिच्या खिशात पेनाएवढा वंशवाचक होता.

वंशवाचक ही त्या काळातली मोठी गंमत होती. त्याच्या टोकाला एक पातळ पडदा असतो आणि पडद्याला भोकं. भोकं इतकी बारीक, की केसाच्या जाडीत तशी पन्नास हजार शेजारी शेजारी बसावीत. नमुन्यातल्या डीएनएचा धागा त्या भोकातून ओवला जातो. धाग्यातलं प्रत्येक अक्षर पुढे सरकताना विजेचा प्रवाह वेगवेगळा लचकतो. यंत्र ते लचकणं वाचतं आणि जगभरच्या नोंदींशी ताडून सांगतं, की हा जीव कोण, कुणाचा आणि कुठला.

तीन वर्षांपूर्वी हे यंत्र मोबाइलच्या किमतीत मिळू लागलं आणि महाराष्ट्र कामाला लागला. घरोघरच्या विरजणाच्या, इडलीच्या पिठाच्या, आंबिलीच्या नोंदी झाल्या. लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर दोन्ही घरांची दह्याची विरजणं जुळवून पाहायची पद्धत पडली. एका आमदारांनी आपल्या मतदारसंघातल्या ताकाचा वंश तेराव्या शतकापर्यंत मागे नेला. इतकं मागचं यंत्राला वाचता येत नाही, असं म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाची बदली झाली. ज्याच्याकडे मूळ नमुना, त्याचा त्या वाणावर हक्क, असा कायदाही झाला, आणि लोक आपापल्या बरण्यांकडे आदरानं बघू लागले.

"बापूआजोबांच्या वेळची एखादी बाटली आहे का?" ईरानं विचारलं. "वाइन नको, तळाचा गाळ हवाय. त्यात मेलेलं यीस्ट असतं. मेलेलं असलं तरी वाचता येतं."

बापूंच्या शेवटच्या हंगामाची एकच बाटली उरली होती. ती देवघराच्या कपाटात होती, कारण घरात कुलूप लागणारं कपाट तेवढंच होतं. सुहासनी जड मनानं बूच काढलं. ईरानं थेंबभर गाळ घेतला. वाइन वाया जाऊ नये म्हणून शर्मिलानं तीन पेले आणले.

पेले रिकामे होईपर्यंत यंत्राचं वाचन संपलं. ईरा पडद्याकडे बघत राहिली.

"पप्पा, हे आपल्या बागेतलं नाही."

"म्हणजे?"

"बागेतल्या यीस्टशी याचं काहीही नातं नाही. नोंदणीत एकच जोड सापडलीय. नव्व्याण्णव पूर्णांक आठ टक्के." तिनं वाचून दाखवलं, "नमुना: ज्वारीची आंबील, मातीचं मडकं. गाव हळदूर, तालुका जत. नोंद करणार: कल्पना मोहन शिंत्रे."



"यंत्र बिघडलंय," सुहास म्हणाले.

"कल्पनाआत्या!" ईरा म्हणाली.

"बिघडलंय ते."

शर्मिलानं यंत्राकडे बघितलंही नाही. तिनं फक्त नवऱ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर त्या नजरेला वंशवाचकापेक्षा जास्त वाचता येत होतं.

कल्पनाताई म्हणजे सुहासची सहा वर्षांनी मोठी सख्खी बहीण. लग्न होऊन जतकडे गेली, तरी द्राक्षाच्या हंगामात महिनाभर माहेरी यायची. बापूंबरोबर वीस हंगाम तिनं शेडमध्ये काढले होते. रोज सकाळी आईच्या मडक्यातली आंबील कामगारांना वाढायची आणि त्याच हातांनी द्राक्षं निवडायला बसायची. हंगामाच्या पहिल्या दिवशी तर रसाच्या पहिल्या टपात पळीभर आंबील ओतायची. आंबलेली पण चुलीवर न चढलेली, कच्ची. आईची पद्धत. त्याला घरात 'द्राक्षांची न्याहारी' म्हणत. बापू हसायचे, पण ओतू द्यायचे.

पाच वर्षांपूर्वी, बापूंच्या वर्षश्राद्धानंतर, सुहासनी ताईला निबंधक कार्यालयात बोलावलं. पद्धत अशी असते: बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडी घ्यायची, आणि दोघांनी मिळून याला प्रेम म्हणायचं. ताईनं सही केली. सुहासनी तिला चांगल्या हॉटेलात थाळी खायला घातली. "आईचं आंबिलीचं मडकं तेवढं नेते," ती म्हणाली. "ने की, त्यात काय विचारायचं!" सुहास म्हणाले, आणि आपल्या मनाच्या मोठेपणानं त्यांना स्वतःलाच भरून आलं.

त्यानंतर ताई हंगामाला आली नाही. बोलवायचं राहून गेलं. सुहासनी त्याच वर्षी वाइनशास्त्राचा ऑनलाइन डिप्लोमा केला, लाकडी टप हलवले, शेड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाफेनं धुऊन काढली आणि न्याहारीची भानगड आरोग्याच्या कारणास्तव बंद केली.

"पण असं कसं?" आता ते ईराला विचारत होते. "आंबिलीचं यीस्ट चाळीस अंशांत वाइन कशी पुरी करेल?"

"मडकं कुठं असायचं?"

"चुलीच्या कडेला."

"किती वर्षं?"

"आईच्या हयातीत चाळीस. त्याआधी आजीकडे."

"मग झालं तर. रोज शेकत, रोज आंबत. जे यीस्ट उष्णतेत टिकलं तेवढंच दुसऱ्या दिवशी तळाला उरलं, त्याच्यापासून पुढचं. यीस्टची पिढी दोन-तीन तासांची असते, पप्पा. साठ-सत्तर वर्षांत लाखावर पिढ्या झाल्या. एवढी निवड कुठली प्रयोगशाळा करणार? आणि त्या मडक्यातले जिवाणू थोडं लॅक्टिक आम्लही करतात. आपल्या द्राक्षांतला आंबटपणा उन्हानं उडून जातो, तो भरून निघायचा. बापूआजोबांची वाइन ताजी लागायची, ती यानं."

सुहासनी जमीन मोजून घेतली होती. विहीर, टाक्या, पिंपं, पंप, अगदी जुनी छाटणीची कात्रीसुद्धा कागदावर आली होती. एक मडकं तेवढं सोडलं होतं, आणि वायनरी त्यात होती.

गुरुवारी ते एकटेच हळदूरला निघाले. वाटेत दोनदा गाडी थांबवून त्यांनी काय बोलायचं याची तालीम केली. दोन्ही वेळा सुरुवात रस्त्याच्या स्थितीपासून होत होती.

दारात दाजी होते. ताईचे यजमान मोहनराव हे एसटीचे निवृत्त कंडक्टर, आणि निवृत्ती फक्त पगारापुरती होती.

"चला, आत सरका, आत जागा आहे," ते म्हणाले. "अगं, कोण आलंय बघ. जादा गाडी आलीय!"

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. केस पांढरे झाले होते. बाकी काही बदललं नव्हतं.

"काय रे, रस्ता सापडला?"

"सापडला की. मोबाइल दाखवतो रस्ता."

"पाच वर्षं बंद होता व्हय मोबाइल?"

सुहास खुर्चीच्या टोकाला बसले. ताईनं वाटीभर आंबील पुढं ठेवली, ताक आणि लसूण घातलेली. ती पिऊन ते जतच्या रस्त्याबद्दल बोलले. दुसरी वाटी आली. ते खजुराच्या भावाबद्दल बोलले. तिसऱ्या वाटीला ते हवामान बदलावर आले. दाजी भिंतीला टेकून ऐकत होते, प्रत्येक थांबा ओळखीचा असलेल्या माणसासारखे.

"शिराझ कितीवर अडकलीय?" ताईनं मध्येच विचारलं.

सुहासची वाटी हवेत थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

"बचतगटात सगळ्या आंबिलींची नोंद केली तेव्हा माझा नंबर पडलाय त्यात. काल रात्री मोबाइलवर निरोप आला. 'आपल्या वाणाचा नातेवाईक सापडला आहे, बोरथळ, तालुका तासगाव.' म्हटलं, चला, कुणाला तरी नातं सापडलं."

"निम्म्यावर," सुहास पुटपुटले.

"टाकीत तापमान?"

"अडतीस."

"अडतीसवर टाकी सोडून आलास आणि पाऊण तास रस्त्यावर बोलतोयस? बापू असते तर पाइपनं मारलं असतं."

"ताई, चुकलं," सुहास म्हणाले. तालमीत हा शब्द नव्हता. तो आला आणि पाठोपाठ बाकीचे आले. "मडकं घेऊन चल. लेबलावर तुझं नाव टाकतो. जमिनीतला हिस्सा म्हणशील तर कागद फिरवून—"

"आता जमीन घेऊन मी काय करू? इथं दोन एकर आहे, तेवढ्यातच यांची कंबर दुखते."

"दुखतेच," दाजी म्हणाले.

"मग काय पाहिजे तुला?"

ताईनं उत्तर तयार ठेवलं होतं. पाच वर्षं आंबत ठेवलेलं उत्तर होतं ते. "हक्कसोड. तू करून दे. द्राक्षाची पहिली पाटी शेडमध्ये आल्यापासून शेवटचं पिंप भरेपर्यंत शेडचा निर्णय माझा. दरवर्षी. रीतसर कागद कर."

"आणि मी?"

"तू बागेत. चांगली द्राक्षं आण. आत येऊन सूचना देऊ नकोस."

"ताई, माझा डिप्लोमा आहे त्यातला."

"राहू दे की भिंतीवर. मी काय काढायला सांगतेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भाऊ, बहीण, दाजी आणि मडकं निबंधक कार्यालयात हजर झाले. मडकं दाजींच्या मांडीवर होतं. त्यांनी त्याला खिडकीची जागा दिली होती.

कारकुनानं मसुदा दोनदा वाचला. "भावानं बहिणीच्या नावे हक्कसोड? असा नमुना आमच्याकडं नाही, बाई."

"नमुना तुमच्यासमोर उभा आहे," ताई म्हणाली. "तुम्ही फक्त शिक्का मारा."

शिक्का बसला. मग ताईनं भावाला त्याच हॉटेलात नेऊन थाळी खायला घातली आणि टॉवेल-टोपीचा आहेर केला. सुहासनी टोपी घातली. ती त्यांना एक माप मोठी होती आणि कानांवर टेकत होती. इतक्या वर्षांत प्रथमच आपण कुणाला काहीतरी दिलं, असं त्यांना वाटलं. आणि गंमत म्हणजे छातीवरचं कसलं तरी ओझं हलकं झालं. थाळीतली शेवटची जिलेबी त्यांनी ताईच्या ताटातून उचलली. लहानपणी उचलायचे तशी, न विचारता.

शेडमध्ये ताईनं पदर खोचला आणि सगळं हातात घेतलं. मडक्यातलं आंबवण तिनं टाकीत ओतलं नाही. "नवीन माणसाला एकदम गर्दीत सोडायचं नसतं," ती ईराला म्हणाली. आधी कळशीभर ताज्या रसात मडक्यातलं आंबवण. ते फसफसू लागलं की त्यात टाकीतला अडकलेला रस तेवढाच. पुन्हा जोर धरला की पुन्हा दुप्पट. कळशीची घागर, घागरीचा टप, टपाची छोटी टाकी. यीस्टला टप्प्याटप्प्यानं दारूची सवय लावायची. ईरानं वहीत लिहिलं की ही पद्धत परदेशातल्या पाठ्यपुस्तकातही अशीच आहे, फक्त तिथे पदर खोचायचा उल्लेख नाही.

सुहास बाहेर होते. कागदावर सही केलेली होती. त्यांनी बागेत ठिबकच्या नळ्या तपासल्या, मग त्याच पुन्हा तपासल्या. शेडच्या मागच्या झरोक्याखाली एक क्रेट उपडा ठेवला होता. त्यावर उभं राहिलं की आतलं दिसतं, असं त्यांना योगायोगानं आढळलं.

"पप्पा, खाली उतरा," आतून ईरा ओरडली.

"मी छप्पर बघतोय."

"छप्पर वर असतं रे!" ताईचा आवाज आला.

चौथ्या दिवशी छोटी टाकी मोठीत सोडली. पाचव्या दिवशी काही झालं नाही. सहाव्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस आला आणि त्यानं खणातला करार मागून घेऊन सहीसाठी पुढं धरला. कडक इस्त्री, थंड गाडी. मडक्याची बातमी त्याच्याही मोबाइलवर पोचली होती. "करार नको असेल तर नुसता यीस्टचा नमुना द्या," तो गोड आवाजात म्हणाला. "नळीभर पुरे. तुम्हालाही कटकट नाही, दरवर्षी कुणाच्या विनवण्या नाहीत."

सुहास उत्तर देणार, तेवढ्यात शेडमधून आवाज आला. आधी एक. मग दोन. मग हळूहळू, कुणीतरी मोठ्या पातेल्याखाली जाळ लावावा तशी तीन नंबरची टाकी बोलायला लागली.

सुहासनी हक्कसोडपत्र मोडलं. ते धावत आत गेले, टाकीला कान लावला आणि ओरडले, "बोलली! ताई, बोलली!" शर्मिला धावत आली. द्राक्षं निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून टाकीभोवती जमल्या आणि आळीपाळीनं कान लावू लागल्या, पोटुशीच्या पोटाला लावावा तसा. दाजींनी टाकीवर दोनदा थाप मारली आणि "चलो!" म्हणाले. कंपनीचा माणूस गाडीत बसून थोडा वेळ एसी खात राहिला आणि निघून गेला. करार त्याच्याच हातात राहिला, म्हणून सुहासना तो फाडताही आला नाही.

टाकीतलं तापमान एकोणचाळीसवर गेलं तरी काम थांबलं नाही. अकराव्या दिवशी साखर संपली. ताईनं तोटीखाली पेला धरला, वास घेतला, घोट घेऊन तोंडात फिरवला आणि नाल्यात थुंकली. वीस हंगामांत ती एक थेंबही प्यायली नव्हती. चव सांगायला पोट लागत नाही, असं ती म्हणायची. तिनं पेला भावाकडे दिला. सुहास मात्र प्यायले. काळ्या जांभळाचा तुरटपणा होता, मिऱ्याचा चटका होता, आणि मागून ताकासारखा स्वच्छ आंबटपणा येऊन जीभ धुऊन जात होता.

"बापूंची आहे," ते म्हणाले.

"आईची," ताई म्हणाली.

आईची तरी कुठली? ईरानं दरम्यान यंत्राला आणखी खोदायला लावलं होतं. मडक्यातल्या यीस्टचे जवळचे-लांबचे नातेवाईक कुठे कुठे नोंदले गेलेत, त्याचा नकाशा तिनं पडद्यावर काढला. ठिपके विजापूरच्या बाजूनं निघून अथणीवरून बोरथळला आणि बोरथळवरून हळदूरला आले होते.

"अथणीजवळचं ते आईचं माहेर," ताई बोट ठेवत म्हणाली. "आणि त्याच्या पलीकडचं आजीचं. त्याच्या पलीकडचं माहीत नाही. पण कुणाचं तरी माहेरच असणार. सासरी जाताना मुलीला आंबवण द्यायचे बरोबर."

सुहासनी लेबल हातात घेतलं. 'आमच्याच मातीतलं, आमच्याच हवेतलं.' माती वाढवत होती, हवा तापवत होती. काम मात्र चार पिढ्या सुनांच्या मडक्यातून येत होतं. त्यांनी पेन घेऊन ती ओळ खोडली. नवीन काय लिहावं, याचा निर्णय शेडचा असल्यामुळे त्यांनी ती जागा कोरी ठेवली.

पिंपं भरून झाली तशी ताई परत निघाली. पिशवी भरली, मडक्याला फडकं बांधलं. दाजी गाडीत पुढच्या सीटवर बसून वेळ झाल्याचं कळवत होते.

ईरानं वडिलांना बाजूला घेतलं. तिच्या हातात बर्फाचा छोटा डबा होता. त्यात बोटाएवढ्या बारा नळ्या.

"मडक्यातलं यीस्ट गोठवून ठेवलंय. लॅबमध्ये सवयच असते. उणे ऐंशीला ठेवलं तर पन्नास वर्षं टिकेल, घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातही दोन-तीन वर्षं निघतील. आता काळजी नाही, पप्पा. पुढच्या वर्षी आत्याला जमलं नाही तरी आपलं चालेल."

सुहासनी डबा घेतला. किती हलका होता! कायद्यानं वाण ताईचा, पण कायदा फ्रीज उघडून बघत नाही. या बारा नळ्या घरात असल्या की कुणाच्या दारात जाऊन तीन वाट्या आंबील होईपर्यंत रस्त्यावर बोलायची गरज नव्हती. हंगाम वेळेवर, टाक्या वेळेवर, सगळं आपल्या हातात. शेडमध्ये येऊन कुणी म्हणणार नव्हतं, छप्पर वर असतं रे.

ते गाडीपाशी गेले आणि डबा ताईच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"तुझंच आहे. ईरानं नळ्यांत भरलंय. बाराच्या बारा आहेत, मोजून घे."

ताईनं झाकण उघडून बघितलं, मग भावाकडे बघितलं. "वेडा आहेस का? एखादी ठेव घरात. माझं वय अठ्ठावन्न. मडकं फुटलं, मी गेले, तर?"

"तुझ्या फ्रीजमध्ये ठेव. तू गेलीस तर दाजी देतील."

"रांगेत उभं राहिलात तर," दाजी म्हणाले.

"अरे, पण तुझ्याकडं असली तर काय बिघडतं?"

सुहास गाडीच्या काचेवरची धूळ पुसू लागले. धूळ फारशी नव्हती. "मी स्वतःला ओळखतो, ताई. घरात नळी असली की मी यायचा नाही. पुन्हा राहून जाईल."

 ताईनं डबा पिशवीत, साडीच्या घडीखाली नीट ठेवला. "ईरा, हे गोठवायची पद्धत मला लिहून पाठव," ती म्हणाली. "आणि सुहास, पुढच्या वर्षी मुराळी कोण येणार? गड्याला पाठवशील तर मडकं हलायचं नाही."

"मीच येणार."

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला येणारा घरचा माणूस. पूर्वी हे काम धाकट्या भावाचं असे. सुहास धाकटेच होते. त्रेपन्नाव्या वर्षी ते या कामावर रुजू झाले. पुढच्या जानेवारीच्या शेवटी ते हळदूरला पोचले, तर दाजींनी दारातच सांगितलं, "आत सरका. आज निघायचं नाही. मडकं प्रवासाआधी तीन दिवस जागवावं लागतं. रोज नवीन पीठ, रोज ऊब. तिचं चाललंय."

"तीन दिवस?" सुहास म्हणाले. "तिकडं द्राक्षं तयार झालीत!"

"कोण घाई करतंय रे?" आतून ताई म्हणाली. "द्राक्षं, की तू?"

शर्मिलाचा फोन आला. बागेत पहिला प्लॉट पिकला होता, तोडणीच्या बायका विचारत होत्या, साखर रोज चढत होती. कधी निघताय?

सुहास अंगणात लिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले होते. आत ताई आणि दाजी पीठ कमी की जास्त यावरून भांडत होते, आणि चुलीकडून आंबूस, ऊबदार वास येत होता.

"यीस्टची तयारी चाललीय," ते फोनवर म्हणाले. "अजून दोन दिवस. शास्त्रीय कारण आहे."

मग त्यांनी फोन उशाखाली ठेवला आणि आत हाक मारली, "ताई, आंबील उरलीय का गं?"